टेपची गोधडी

सोमवार, ५ जानेवारी

ही वही माझी, अक्षर आम्रपालीचं. अक्षराची आणि माझी ओळख नाही. त्र्याहत्तर वर्षं झाली, त्यानं मला हाक मारली नाही, मी त्याला मारली नाही. कुणाचं काही अडलं नाही.

आम्रपाली आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. नांदेडकडची आहे, भोसरीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळीला जायच्या आधी, साडेसहाला, माझ्यापाशी टेकते. वही तिलाच औषधवाल्या माणसानं फुकट दिलेली.

लिहायचं कशाला, तर साखरेसाठी. डॉक्टर म्हणाले, आजी, रोज काय खाल्लं ते कुणाकडून तरी लिहून घ्या आणि तीन आठवड्यांनी मला आणून दाखवा, पण खरं लिहा. मी म्हटलं, खरं लिहिलं तर तुम्ही रागावणार. ते म्हणाले, रागावायचंच काम आहे माझं. मग मी आम्रपालीला अट घातली. वही तू वाचायची आणि डॉक्टरांनी. घरातल्या कुणी नाही. तिनं मान हलवली.

आज दोन भाकरी, मेथी, बिनसाखरेचा चहा. "आणि?" म्हणाली. आणि शेंगदाण्याची चिक्की, एक. कुठनं आणली ते डॉक्टरांनी विचारलेलं नाही.

मी बोलते "न्हाई", ती लिहिते "नाही". परत वाचून दाखवते तेव्हा वाटतं, कुणी शाळामास्तरीण माझ्या चिक्क्या खातेय.

गुरुवार, ८ जानेवारी

आज खाण्यापेक्षा बोलणं जास्त झालं, म्हणून तेच लिही म्हटलं.

माझा मुलगा ज्ञानेश चाकणला कंपनीत आहे. त्याची अठरा वर्षांची व्हॅन आहे. पहिल्या पाळीला शेजारचे पाच जण तिच्यात भरून तो पावणेसहाला निघतो आणि साडेचारला परत येतो. त्याची पोरगी वर्षाली चार वर्षं तारांच्या कंपनीत आहे. गाडीच्या पोटात तारांचा जो जुडगा असतो ना, तो तिथल्या पोरी मोठ्या फळीवर उभ्यानं बांधतात. तिला आता ते सोडून स्वतःचं दुकान काढायचंय. रस्त्याकडेला आमची पत्र्याची शेड रिकामी आहे, तिथं. लोकांच्या गाड्यांत टेप बसवायच्या, दिवे, हॉर्न, सगळं तारांचं काम.

शेड शेजारच्या सोनबालाही हवी आहे, चहाचं दुकान टाकायला. तो व्हॅनमध्ये रोज पुढच्या सीटवर बसतो, म्हणजे ज्ञानाच्या कानाला सगळ्यात जवळ.

ज्ञाना वर्षालीला म्हणाला, पोरीच्या हातात कोण गाडी देणार? ती म्हणाली, तुम्ही द्या. मग तोच म्हणाला, "दिली. बसव टेप. एक महिना बघतो. गाडी तीनदा सकाळी बंद पडली, तर शेड सोनबाची. न्हाई पडली, तर तुझी."

मी मध्येच म्हटलं, माझ्या लग्नात बी एवढ्या अटी नव्हत्या. कुणी हसलं नाही.

पोरीला शेड मिळाली पाहिजे. हे डॉक्टरांसाठी नाही, माझ्यासाठी लिहून ठेव.

खाल्लं ते नेहमीचं.

रविवार, ११ जानेवारी

टेप बसली. टेप म्हणतात, पण तिच्यात टेप नसते. नखाएवढी एक काडी खोचली की शंभर गाणी.

वर्षाली गाडीत उलटी झोपली होती, पाय बाहेर. मी बॅटरी धरली होती, म्हणजे उजेडाची. प्रकाश तिच्या नाकावर पडत होता, हे तिनं तीनदा सांगितलं. दोन तारा महत्त्वाच्या, म्हणाली. पिवळी थेट गाडीच्या बॅटरीला, मध्ये फ्यूज लावून. ती कायम जागी असते, पण घोटभरच पिते, टेपची आठवण शाबूत राहण्यापुरती. लाल तार मात्र जेवणारी. ती किल्लीच्या हुकमात ठेवायची. किल्ली फिरली की उठली, किल्ली काढली की झोपली. आळशी माणसं लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकतात. मग टेप रात्रभर जेवते आणि सकाळी गाडी उपाशी.

मला एकदम पटलं. माझ्या साखरेचं तेच झालंय, लाल तार कुणाच्या हुकमात नाही.

तिनं मीटर लावून, किल्ली काढल्यावर टेप किती वीज पिते तो आकडा बापाला दाखवला. त्यानं चष्मा नसताना बघून मान डोलावली.

मंगळवार, १३ जानेवारी

टेपला गोधडी शिवली. हसू नकोस, लिही. आमच्या घरात नवी वस्तू उघडी राहत नाही. टीव्हीला शिवलीय, मिक्सरला शिवलीय, ज्ञानाच्या पहिल्या मोबाइलला शिवली होती तर तो तीन दिवस सापडला नव्हता. जुन्या इरकलचे चार थर घेतले, वर टाके घातले, दोन कोपऱ्यांना नाड्या लावल्या. धूळ नको, कुणाची नजर नको.

आता खाणं. आज एक चिक्की. कुठं खाल्ली ते सांगते, कारण तू बघितलंयस हे मला माहीत आहे. व्हॅनमध्ये. गाडी घरामागं उभी असते. ज्ञाना आला की पारावर जातो, सूनबाई स्वयंपाकात, वर्षालीची या महिन्यात दुसरी पाळी. पाच ते सहा माझं राज्य. खिळ्यावरची किल्ली घेतली, ज्ञाना फिरवतो तशी एक टक्क फिरवली, टेप लागली. भजनं लावली. बरं, पहिलं एक भजन होतं. नंतरच्या लावण्या आपोआप लागल्या.

आणि मी काही अडाण्यासारखं सोडून आले नाही. ह्यांच्या रेडिओला होतं तसंच गोल बटण आहे, ते आवाज पार मिटेपर्यंत फिरवलं. गोधडी बांधली. किल्ली काढली. उलटी फिरवायला माझ्या बोटांत जोर नाही, पण ज्ञानाच्या गाडीचं कुलूप इतकं झिजलंय की नुसती ओढली तरी हातात येते. किल्ली खिळ्याला, म्हणजे लाल तार झोपली. वर्षालीनं सांगितलेलं माझ्या ध्यानात असतं.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळी गाडी बंद. नुसतं टक टक.

पाच जणांनी ढकलली. सोनबा ढकलताना म्हणत होता, "ज्ञानेशराव, टेप लई छान लागली, आता गाडी बी लावून घ्या." एक झालं.

वर्षाली पाळीवरून येऊन चार तास झोपली होती. उठून मीटर घेऊन बसली. आकडा बरोबर. म्हणाली, थंडी असेल, बॅटरी जुनी आहे.

तिळगूळ पाच. सणाला तिळगूळ मोजत नाहीत. आम्रपाली म्हणते, मोजतात.

रविवार, १८ जानेवारी

चार दिवस पाहुणे होते. मला व्हॅनकडे फिरकता आलं नाही आणि चिक्कीही नाही. साखर कमी आली. गाडी चारही दिवस एका किल्लीत सुरू.

आज वर्षालीनं तरीही टेप बाहेर काढून एकेक जोड पुन्हा तपासला. मी म्हटलं, चालतंय ते कशाला उकरतीस? ती म्हणाली, आजी, का बंद पडली ते कळलं न्हाई तर चालतंय असं म्हणता येत न्हाई.

गोधडी धुऊन पुन्हा बांधली. वर्षालीनं हसून बांधू दिली. मी तिच्या कामाला एवढाच हात लावलाय, असो.

सोमवार, १९ जानेवारी

पाहुणे गेले. चिक्की दोन, कारण चार दिवसांची राहिली होती. जागा तीच. बटण मिटवलं, गोधडी बांधली, किल्ली ओढली.

मंगळवार, २० जानेवारी

दोन झाले.

आज ज्ञानाला कंपनीत पोचायला उशीर झाला, बाकीच्या पाचांनाही. सोनबा संध्याकाळी येऊन ओट्यावर बसला. गोड बोलत होता. पोरीला लग्नाचं बघा, तारांचं काय घेऊन बसलाय. सूनबाईनं त्याला चहा दिला, साखर घालून. माझ्या देखत.

मला एक शंका आली आहे. गाडी बंद पडून कुणाचा फायदा? सोनबाचा. घर कुणाचं गाडीला लागून? सोनबाचं. मी पोलिसात असते तर आज प्रमोशन होतं. आम्रपाली म्हणाली, "काय बोलायलात आजी, कोण उठून बॅटरी कशाला संपवंल?" मी म्हटलं, तू लिही.

लिंबू-मिरच्या बांधल्या. गाडीला एक, आणि सोनबाच्या बाजूच्या कुंपणाला सात. गाडीची मिरची आपल्यासाठी, कुंपणाच्या त्याच्यासाठी.

गुरुवार, २२ जानेवारी

वर्षाली जेवली नाही. तिनं कंपनीत ओव्हरटाइमला नाव दिलंय. दुकानाचा फलक कसा असावा ते ती एका पुठ्ठ्यावर काढत होती, तो पुठ्ठा आज चुलीपाशी दिसला. मी उचलून माझ्या गाठोड्यात ठेवला. काय लिहिलंय ते मला कळत नाही, पण रंग चांगले आहेत.

म्हणाली, "आजी, चार वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या बांधल्या. घरची एक जमंना. बाबाच बरोबर असतील."

मग मी ठरवलं, आता पहारा. पाचला व्हॅनमध्ये जाऊन बसले ते सहा वाजून गेले तरी उठले नाही. डोळा सोनबाच्या कुंपणावर. नुसतं बसून झोप येईल म्हणून टेप लावली. झोप येऊ नये म्हणूनच चिक्की, तीन. सोनबा दोनदा कुंपणापाशी आला, मिरच्यांकडे बघितलं आणि गेला. घाबरला. उतरताना बटण मिटवलं, गोधडीची गाठ दुहेरी मारली, किल्ली ओढून घेतली. आता कुणाची टाप आहे बघू.

आम्रपालीला उशीर झाला माझ्यामुळं. आज उभ्यानंच लिहितेय.

शुक्रवार, २३ जानेवारी

तीन.

ज्ञाना ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, रविवारी सोनबाला शेडची किल्ली देतो. वर्षाली "बरं" म्हणाली.

खाल्लं ते लिहू नको. खाल्लंच नाही.

शनिवार, २४ जानेवारी

सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, म्हणून आम्रपाली आज सुट्टी असताना वही घेऊन बसली. लाल पेनानं चिक्कीच्या खाली रेघा मारत होती. मारता मारता थांबली. मागची पानं उलटली, पुढची उलटली. माझ्याकडे अशी बघायला लागली जशी ती सुई टोचायच्या आधी बघते.

"आजी," ती म्हणाली, "चिक्की खाल्ली की दुसऱ्या दिवशी साखर वाढती, हे मला कळतंय. पण चिक्की खाल्ली की दुसऱ्या दिवशी गाडी का बंद पडती, हे तुमी सांगा."

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला?

तिनं वाचून दाखवलं. तेराला व्हॅनमध्ये चिक्की, चौदाला गाडी बंद. पाहुणे असताना चिक्की नाही, गाडी चालू. एकोणीसला दोन, वीसला बंद. बावीसला तीन, तेवीसला बंद. माझंच बोलणं, मलाच वाचून. पाचवीच्या पोरानं पाढे म्हणावेत तसं सरळ.

मला म्हणाली, चला, रोज काय करता ते करून दाखवा. मी गेले. टक्क. टेप लागली. बटण मिटवलं. ह्यांच्या रेडिओचं बटण शेवटाला गेलं की आतून टिक वाजायचं आणि रेडिओ मरायचा. हे बटण फिरतच राहतं, टिक नाही. मला वाटलं होतं, नव्या वस्तूंना टिक नसते. गोधडी बांधली. किल्ली ओढली.

आम्रपालीनं गोधडीचा एक कोपरा वर केला. आत हिरवा उजेड होता. आकडे चालत होते. गाणं चालू होतं, फक्त आवाज नव्हता.

किल्ली माझ्या हातात होती आणि लाल तार जागी होती. मीच तिला पांघरूण घालून रात्रभर जेवायला बसवत होते.

आम्रपालीनं किल्ली पुन्हा खोचून, जोर लावून पार मागं फिरवली. उजेड गेला.

हे लिहू नको, म्हटलं. तिनं लिहिलं.

रविवार, २५ जानेवारी

सोनबा नऊलाच आला, नवा सदरा घालून. ज्ञाना खिळ्यावरून शेडची किल्ली काढत होता. मी म्हटलं, थांब. गाडी मी बंद पाडलीय, पोरीनं न्हाई.

ज्ञाना हसला. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा. "आये, नातीपायी तू काय बी अंगावर घेशील. गेल्या वर्षी तिनं फोडलेली काच बी तूच फोडली होतीस."

काच खरंच तिनं फोडली होती. आयुष्यभर चेष्टा आणि थापा करून मी ही पत कमावली आहे. खरं सांगायला गेले तर घरातलं लहान मूलसुद्धा हसेल.

मग मी आम्रपालीला हाक मारली आणि वही आणायला सांगितली. ती म्हणाली, सगळी वाचू? मी म्हटलं, पहिल्यापासून. डॉक्टर रागावणारच आहेत, घरातले त्यांच्या आधी रागावतील.

तिनं वाचली. माझी अट मीच मोडली. सूनबाईनं ऐकलं की मी कितीदा काय खाल्लं. ज्ञानानं ऐकलं की तो चष्म्याशिवाय मीटर बघून मान डोलावतो. सोनबानं ऐकलं की मी त्याला चोर ठरवला होता आणि सात मिरच्या त्याच्यासाठी होत्या. लावण्यांचं आलं तेव्हा मी पदर तोंडाला लावला. माणूस मेल्यावर लोक त्याचं बोलतात, माझं जिवंतपणी, माझ्याच शब्दांत चाललं होतं.

वर्षाली खाली बघून ऐकत होती. बावीस तारखेचं पान झालं, पुठ्ठ्याचं, तशी उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, गेली. ती व्हॅनपाशी गेली होती. थोड्या वेळानं किल्लीचं कुलूप, तारांसकट उचकटलेलं, आणून बापाच्या हातात ठेवलं. किल्ली घालून एक टक्क फिरवली. "ओढा," म्हणाली.

ज्ञानानं ओढली. आली. पुन्हा घालून पुन्हा ओढली. तीनदा केलं.

"अठरा वर्षं ह्या कुलपाशी खेळतोय मी," तो म्हणाला. "कधी ध्यानात आलं न्हाई." मग सोनबाकडे वळला. "सोनबा, शेडचं ऱ्हाऊ दे."

सोनबा उठला. सदरा झटकला. "ऱ्हायलं, राव. पण अंबूकाकू, सात मिरच्या? गाडीला एक आणि मला सात?"

सगळे हसले. वर्षाली हसली नाही. ती माझ्यापुढं बसली.

"आजी, मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं?"

"बंद कसं करायचं ते. मी दाखवलं असतं. तेवढंच होतं."

तिच्यापुढं नाही, इथं सांगते. विचारायची मला सवय नाही. बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या पाटीपुढं, कुठंच मी विचारत नाही. मला कळलं असं दाखवते, मान डोलावते आणि एखादी चेष्टा करते, म्हणजे कुणी पुन्हा विचारत नाही. ज्ञानाची मान माझ्याकडूनच आली आहे.

आज चिक्की शून्य. उपास म्हणून लिही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

दुकान लागलं. फलकाला तोच पुठ्ठा वापरला, माझ्या गाठोड्यातला. काय लिहिलंय ते मी या वेळी विचारलं. वर्षालीनं बोट फिरवत एकेक अक्षर दाखवलं. पहिलं अक्षर पोट असलेल्या माणसासारखं दिसतं, तो "व". माझी आणि त्याची ओळख झाली. बाकीच्यांची सवडीनं.

पहिलं गिऱ्हाईक सोनबा. त्याच्या मोटारसायकलीचा हॉर्न दोन वर्षं वाजत नव्हता. आता तो वाजवतच फिरतो. चहाची गाडी त्यानं शेडच्या शेजारी, झाडाखाली लावलीय.

व्हॅनला नवं कुलूप आहे. किल्ली पार मागं फिरल्याशिवाय निघत नाही. वर्षालीनं आणखी एक तार माझ्यासाठी ओढलीय. टेप चालू असताना दार उघडलं की गाडी कोंबडीसारखी ओरडते. परवा मी नुसतं बसून बघितलं. उतरताना ती ओरडली, आणि सूनबाई खिडकीत, ज्ञाना पारावरून, सोनबा चहाच्या गाडीवरून, तिघं एकदम म्हणाले, "किल्ली!" आता माझं राज्य सगळ्यांना ऐकू येतं.

टेपची गोधडी वर्षालीनं दुकानातल्या मीटरला बांधलीय. मी नको म्हटलं होतं.

साखर एकशे अडतीस. डॉक्टर म्हणाले, कोणतं औषध लागू पडलं? आम्रपाली म्हणाली, लाल तार.

आज काय खाल्लं: एक भाकरी, शेपू, ताक. चिक्की नाही.

आम्रपालीनं पेन टेकवलेलं नाही. बघत बसलीय.

बरं, लिही. अर्धी. सोनबानं दिली, मिरच्यांची परतफेड म्हणून.